चार इंच कमी

वर्षातून दोनदा बसडेपोत गणवेशाच्या मापांचा दिवस यायचा. त्या दिवशी कॅन्टीनमधली बाकं भिंतीला लावत आणि मधोमध एक स्टूल ठेवत. स्टूल ताईंचं. ड्रायव्हर-कंडक्टरांची रांग दारापासून थेट गाड्या धुण्याच्या हौदापर्यंत जायची. ताई गळ्यातला टेप काढून समोर आलेल्याच्या कंबरेभोवती फिरवायच्या आणि खणखणीत आवाजात आकडा सांगायच्या. शेजारच्या टेबलावरचा कारकून तो वहीत लिहायचा. "छत्तीस!" म्हटलं की छत्तीस. चला, पुढचा.

यात सांगण्यासारखं एवढंच, की टेपावर तेव्हा चाळीस असायचे.

ताईंनी हे कुणाला फसवायला सुरू केलं नव्हतं. पहिल्याच वर्षीची गोष्ट. त्या तिशीला टेकल्या होत्या, डेपोचं काम नवीन, एकही माप चुकू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेल्या. रांगेत एक थोराड कंडक्टर होता. ताईंनी टेप फिरवला आणि सरळपणाने पुकारलं, "चव्वेचाळीस!"

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, पँट शिवताय की गाडीचं कव्हर?"

सगळी रांग खिदळली. तो कंडक्टरही हसला, पण कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. शिवलेली पँट न्यायला तो आलाच नाही. पुढचे सहा महिने मांडीत विरलेली जुनीच पँट घालून हिंडला. तो समोरून गेला की ताईंचा जीव कसनुसा व्हायचा. या बिचाऱ्याने आपलं काय घोडं मारलं होतं?

पुढच्या खेपेला तो समोर आला तेव्हा ताईंनी जिभेवरचा आकडा गिळला आणि म्हणाल्या, "चाळीस."

"उतरलो वाटतं जरा," तो म्हणाला.

"उतरलात की," ताई म्हणाल्या. आणि कारकुनाच्या हातून वही घेऊन त्याच्या नावापुढे पेन्सिलीने एक बारीकसा ठिपका दिला. ठिपका म्हणजे कापताना चार मिळवायचे. पँट अंगाला बसली, माणूस खूश, ताई खूश. देवाने जीभ दिलीय ती कुणाला डंख मारायला नव्हे, असं त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि तेव्हा ते खरंच वाटलं.

मग एकालाच कशाला? पोट सुटलेल्या प्रत्येकालाच चार इंचांची सूट मिळू लागली. पहिल्या वर्षी वहीत पाच-सहा ठिपके होते. कारकुनाला वाटायचं, ही शिवणकामातली काही खूण असेल. माणसं ताईंचं नाव काढायची. "दुकानातली पँट चढवताना दम लागतो, टेपताईंची घातली की माणूस तरंगतो!" कुणाची पँट घट्ट झाली नाही, कुणाची परत आली नाही. वीस वर्षं.

ताईंचा धाकटा भाऊ त्याच डेपोत ड्रायव्हर होता. भाऊ म्हणायचा, पण वाढवला पोटच्या पोरासारखा. वडील आधीच गेलेले. आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांच्या आणि हा आठ वर्षांचा. ताईंनी शेजारणीकडून शिवण शिकून घेतलं आणि घर चालवलं. स्थळं यायची. ताई म्हणायच्या, "हा हाताशी येऊ दे, मग बघू." हा हाताशी आला तोवर स्थळं यायची थांबली होती. त्या गोष्टीवरून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. त्यांचा हट्ट एकच होता, की आई नसलेलं पोर म्हणून कुणी त्याच्याकडे बोट दाखवायला नको. पातेल्यातलं शेवटचं त्याच्या ताटात. तो पुरे म्हणाला की आणखी एक वाढप. शेजारपाजारचे म्हणायचे, "पोरगं कसं भरलंय बघा!" ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

तो डेपोत लागला तेव्हा त्याची पहिली पँट ताईंनीच शिवली. कंबर अठ्ठावीस. ती पँट अजून त्यांच्या कपाटात घडी घालून ठेवलेली आहे.

तिशीत त्याची कंबर चौतीस झाली. चाळिशी ओलांडली तेव्हा चाळीस. वहीत छत्तीस आणि ठिपका. डेपोत त्याला सगळे पिंप म्हणायचे. "पिंपा, सीट मागे घे रे, नाहीतर हॉर्न पोटानेच वाजेल!" तोही तसलाच बेरकी. म्हणायचा, "दोन्ही हात मोकळे राहतात, तुझं काय जातंय?" एकदा तो हौसेने दुकानात गेला आणि छत्तीसची पँट मागून घेतली. ती मांडीच्या वर सरकेना. घामाघूम होऊन ताईंकडे आला. "आजकाल दुकानवाले माप चोरतात गं!" ताईंना हसू आवरेना. त्यांनी त्याला ठिपक्याचं गुपित सांगितलं. तोही हसून हसून बेजार झाला. ते गुपित दोघांतच राहिलं.

एव्हाना वहीच्या पानावर ठिपके मुंग्यांसारखे पसरले होते. एकशे साठ नावं, आणि निम्म्याहून जास्त नावांपुढे ठिपका. ताईंना कापडावरूनही कळायचं. ज्या गठ्ठ्यात पूर्वी साऱ्या डेपोच्या पँटी निघायच्या, त्यात आता तिघाचौघांचं कापड कमी पडायचं. आणि का पडू नये? दहा-दहा तास इंजिनाच्या धगीशेजारी बसायचं. दोन फेऱ्यांच्या मधे वीस मिनिटं, त्यात कॅन्टीनचा तीन चमचे साखरेचा चहा आणि कढईतून नुकतं निघालेलं काहीतरी, कारण दुसरं तिथे मिळतच नव्हतं. घरी जायचं ते मोटरसायकलवरून. चालायची ती फक्त गाडी. पण पोट सुटणं म्हणजे नोकरी पक्की, घर सुखाचं, अशीच सगळ्यांची समजूत. ताईंचीही.

मग एका वर्षी आरोग्य खात्याची तरुण डॉक्टरीणबाई डेपोत आली. चष्मा, खांद्याला पिशवी, हातात खोकं. खोक्यात रक्तातली साखर तपासायच्या साठ पट्ट्या. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा, यंत्र आकडा सांगतं.

तिने कॅन्टीनमध्येच उभं राहून चार गोष्टी सांगितल्या. पोटाभोवती चरबी साठत गेली की शरीराला साखर नीट वापरता येत नाही आणि ती रक्तात साचते. प्रत्येक जाड माणसाला मधुमेह होतोच असं नाही, बारीक माणसालाही होतो. पण शंभर जाड आणि शंभर सडपातळ माणसं शेजारी शेजारी उभी केली तर जाडांत मधुमेहाचे कितीतरी जास्त निघतात. "पट्ट्या साठच आहेत. म्हणून ज्यांची कंबर छत्तीसच्या वर, त्यांना आधी बघू. सगळ्यांची मापं घ्यायची आहेत."

डेपो मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाला, "मापं कशाला पुन्हा? गाड्या सुटायच्यात. मापं तयार आहेत आमच्याकडे, गेल्याच महिन्यातली. ताई, वही द्या हो बाईंना."

ताई त्या दिवशी तयार पँटी वाटायला आल्या होत्या. वही त्यांच्या पिशवीत होती.

त्या पिशवीत हात घालायला वाकल्या तेवढ्यात भाऊ शेजारी येऊन उभा राहिला. ओठ न हलवता म्हणाला, "ताई, काही बोलू नकोस."

"अरे, पण—"

"माझं छत्तीसच आहे ना वहीत? छत्तीसच्या वर नाही. झालं तर मग. साखर निघाली की स्टिअरिंगवरून उतरवतात. यार्डात गाड्या धुवायला लावतात. मी काय आता बादली घेऊन फिरू?"

ताईंनी वही दिली.

डॉक्टरीणबाईने पानं उलटली. मग मान वर करून खोलीभर नजर फिरवली. "माझ्या डोळ्यांना तर पोटं पुष्कळ दिसतायत."

"गणवेशाचं कापड जाड आहे हो," मॅनेजर म्हणाला. "फुगतं."

दोघं-चौघं हसले. ती हसली नाही. ताईंना म्हणाली, "ही मापं तुम्हीच घेतलीत ना मावशी? बरोबर असतात?"

"आजवर एकही पँट परत आलेली नाही," ताई म्हणाल्या. यातला शब्दन् शब्द खरा होता.

"आणि हे ठिपके कसले?"

ताईंनी भावाकडे पाहिलं नाही. "शिवणकामातली खूण आहे ती."

हाही शब्द खरा होता. देवाला असली खरी वाक्यं किती ऐकावी लागत असतील.

वहीप्रमाणे छत्तीसच्या वर तेवीस निघाले. तेवीस जणांना सुई टोचली. अकरा जणांची साखर वाढलेली. डॉक्टरीणबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती मोठ्याने म्हणाली, "पट्ट्या उरल्या आहेत. आणखी कुणाला तपासून घ्यायचंय?"

कॅन्टीनमध्ये शंभर तरी माणसं असतील. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. कुणी चहाचा पेला उचलला, कुणी बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि वाकताना धापा टाकू लागला. पिंप खांबाच्या आडोशाला उभा होता, म्हणजे त्याचं तोंड खांबाआड आणि पोट बाहेर. ताईंनी फक्त म्हणायचं होतं, "याची करा." दोन अक्षरं आणि दोन अक्षरं. त्यांनी मनात देवाचं नाव घेतलं आणि त्याला सांगितलं, याला सांभाळ रे बाबा. देवाला सांगितलं. चार हातांवर बसलेल्या डॉक्टरीणबाईला नाही सांगितलं.

खोकं अर्ध्याहून जास्त भरलेलं परत गेलं.

दोन महिन्यांनी सूचनाफलकावर कागद लागला. या डेपोतल्या कर्मचाऱ्यांत वाढलेल्या वजनाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच कमी आढळलं, असं वरच्या कचेरीने कळवलं होतं. मॅनेजरने तो कागद चौकटीत बसवला. ते अकरा जण यार्डात गेले आणि त्यांच्या हातात खरंच बादल्या आल्या. भाऊ घरी येऊन म्हणाला, "बघितलंस? मी काय म्हणालो होतो?" ताईंनी त्याच्या ताटात वाढलं.

त्यानंतर तो उतरायला लागला.

आधी दोन बोटं. "ताई, पँट सैल होतेय गं, जरा आत घे." ताईंनी कंबरपट्टी उसवली, टीप मारली. महिन्याभराने पुन्हा आला, पुन्हा दोन बोटं. ताई हरखून गेल्या. त्यांच्या डोक्यात डॉक्टरीणबाईचं एकच वाक्य बसलं होतं, की वजनामुळे हा आजार होतो. म्हणजे वजन उतरलं की आजार टळला, हा हिशेब सरळ होता. त्यांनी हात जोडून देवाचे आभार मानले. सुईत दोरा ओवतानाही मानले. टेप लहान आकडा दाखवतोय ही कोणत्याही शिवणाऱ्या बाईला आनंदाचीच बातमी वाटते. वीस वर्षं त्या तेवढ्यासाठी खोटं बोलल्या होत्या, आणि आता ते आपसूक खरं होत होतं.

"काय खातोस तरी काय?" त्या विचारायच्या.

"नेहमीचंच. उलट जास्तच खातो. भूक आवरत नाही."

"मग?"

"कामाचा ताण गं. अंग झडतंय."

डेपोतही त्याच्या पाठीवर थापा पडत होत्या. "पिंप गळायला लागलं रे!" सीटमागे त्याच्या पाण्याच्या तीन बाटल्या असायच्या. तीन संपायच्या आणि मधल्या थांब्यावर गाडी उभी करून त्याला आडोशाला पळावं लागायचं. प्रवासी ओरडायचे, "अहो ड्रायव्हरसाहेब, नळ चालू राहिला काय?" त्याची बायको, म्हणजे ताईंची भावजय, एकदा येऊन म्हणाली, "वन्सं, हे रात्री चार-चारदा उठतात. आणि संध्याकाळी पेपर वाचत नाहीत आता. म्हणतात, छपाई पुसट येते."

"वय होतंय गं," ताई म्हणाल्या. "अंगाने बघ कसा हलका झालाय. लग्नातल्यासारखा दिसतो."

मापांचा दिवस पुन्हा आला. भाऊ रांगेतून समोर आला. ताईंनी टेप फिरवला. छत्तीस. खरे, टेपावरचे छत्तीस. त्यांनी अभिमानाने पुकारलं आणि या वेळी ठिपका दिला नाही. कारकुनाने मागच्या पानाशी ताडून पाहिलं. "मागच्या वेळी छत्तीस, आता छत्तीस. पिंपराव, तुम्ही आहात तिथेच आहात की!"

भावाने ताईंना डोळा मारला. ताईंना हसू आलं. चार इंच माणूस सहा महिन्यांत कुठे गेला, हे विचारायला त्या वहीत जागाच नव्हती.

पुढे चौतीस झाली. मग बत्तीस. ताई दर वेळी शिवण आत घेत गेल्या. शेवटी मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटायला आले, तेव्हा त्यांनी नवीच पँट बेतली आणि म्हणाल्या, "आता नजर लागेल हो."

मग एके दिवशी तो संध्याकाळची पाळी संपवून घरी आला, बूट काढला, आणि भावजय किंचाळली. मोजा रक्ताने चिंब. बुटाच्या तळव्यातून खिळा वर आला होता आणि तो दिवसभर त्याच पायाने ब्रेक दाबत होता. उजवा पाय. "अहो, दुखलं नाही?" तिने विचारलं. तो मोज्याकडे बघत राहिला. "कळलंच नाही," म्हणाला. ताईंनी हळद दाबली, पट्टी बांधली. आठ दिवसांत अंगठा काळा पडला. मग पाऊल. इस्पितळात रक्त तपासलं तेव्हा यंत्राने आकडा दाखवलाच नाही, फार जास्त आहे एवढंच दाखवलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरने विचारलं, "किती वर्षांपासून आहे साखर?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"वजन उतरत होतं का?"

"हो," ताई म्हणाल्या. "आठ इंच उतरली कंबर."

"आणि तुम्ही काय केलंत?"

ताईंच्या तोंडून निघून गेलं, "मी पँटी आत घेतल्या."

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. त्याने सांगितलं, की साखर फार चढली की शरीराला ती वापरता येत नाही, मग ते स्वतःचंच मांस-चरबी जाळत सुटतं. माणूस बारीक होतो. लोकांना वाटतं, सुधारला. चार दिवसांनी पाय गुडघ्याखालून कापला.

पाय गेला त्या आठवड्यात ताई वही घेऊन आरोग्य खात्यात गेल्या. डॉक्टरीणबाई एका अरुंद खोलीत कागदांच्या ढिगाआड बसली होती. ताईंनी वही तिच्यापुढे ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. ठिपका म्हणजे चार. बाकी रडारड केली नाही.

त्या मुलीने पेन्सिल घेऊन तपासणीच्या वेळचं पान काढलं आणि ती ठिपके मोजायला लागली. मोजताना तिचे ओठ हलत होते. सत्त्याण्णव. वहीतले तेवीस त्यात आलेच. म्हणजे चौऱ्याहत्तर माणसं तिच्या डोळ्यांसमोरून चहा पीत निघून गेली होती.

"तेवीसात अकरा निघाले होते," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तरात किती असतील, मावशी?"

ताईंनी मनात निम्मे केले. सदतीस.

"आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. माझा तो अहवाल वर गेला. त्यावरून ठरलं, की बसवाल्यांची तब्येत बरी आहे, तिथे एवढी गरज नाही. दुसऱ्या पाच डेपोंची तपासणी रद्द झाली. कॅन्टीनचं जेवण बदलायचं पत्रही मी दिलं होतं, तेही बासनात गेलं." तिने वही मिटली. "मीसुद्धा टेप लावायला हवा होता. घाई होती. माझीही चूक आहे. पण मी तुम्हाला विचारलं होतं हो. ठिपके कसले म्हणून विचारलं होतं."

ताईंना वाटलं होतं, ही ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता," ती म्हणाली. मग वही ताईंकडे सरकवत, "खरे आकडे सांगा. दुसरं काय."

मापांचा पुढचा दिवस आला तेव्हा ताई स्टुलावर बसल्या आणि पहिलाच जो आला, थोराड, हसतमुख, त्याच्या कंबरेभोवती टेप फिरवून म्हणाल्या, "बेचाळीस."

कारकुनाची लेखणी थांबली. "अडतीस ना? मागच्या वेळी अडतीस."

"मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. बेचाळीस लिहा."

"काय ताई, सकाळी सकाळी कुणाचं तोंड पाहिलंत?" तो माणूस हसत म्हणाला, पण हसू अर्ध्यावरच विरलं.

"तुझंच पाहिलं. जा, रक्त तपासून घे. पुढचा! एकेचाळीस. तूही जा. पुढचा!"

रांगेत कुजबुज सुरू झाली. पाचवा माणूस टेप लावूच देईना. कुणीतरी मागून म्हणालं, "भावाचा पाय गेला म्हणून आम्हाला लंगडं करायला निघाल्या." कुणी म्हणालं, "यांना आम्हाला यार्डात बघायचंय." वीस वर्षं ज्यांनी टेपताई, टेपताई करून डोक्यावर घेतलं, ती माणसं एकेक करून रांगेतून सटकली. ताई आकडे सांगत राहिल्या, समोर कुणी उभं राहील तोवर.

मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. भिंतीवर तो चौकटीतला कागद होता. "ताई, तुमच्या दुःखाची आम्हाला कल्पना आहे. पण तुम्ही शिवणकाम करा, डॉक्टरकी नको. माणसं नाराज झालीत."

"साहेब, तो कागद खोटा आहे. तो उतरवा."

"तो वरून आलाय. माझ्या हातात नाही."

पुढच्या वर्षीपासून डेपोला तयार पँटी येऊ लागल्या. कंबरेला इलॅस्टिक. माप घ्यायला नको, रांग नको, कुणी आकडा पुकारायला नको. लहान, मध्यम, मोठी. पोट वाढलं की इलॅस्टिक मुकाट्याने ताणतं. माणसांना ती फार आवडली, असं कारकून येऊन सांगून गेला. आणि रक्त? त्या दिवशी टेपावर चढलेल्या सव्वीस जणांतले चौघे तपासून आले, त्यांतल्या दोघांची साखर निघाली. बाकीच्यांचं देवाला माहीत. ताई त्यांच्यासाठी अजून प्रार्थना करतात, आणि दिसेल त्याला रस्त्यात अडवून तोंडावर सांगतातही. माणसं आता रस्ता बदलतात.

भाऊ घरीच असतो. पलंगावर बसून खिडकीतून डेपोच्या गाड्यांचे नंबर वाचायचा प्रयत्न करतो. बरेचसे चुकतात. कृत्रिम पाय बसेपर्यंत वापरायला त्याला पँट हवी होती. लोंबणारी, पिनेने वर अडकवलेली नको, म्हणाला. नीट शिवलेली हवी.

ताई टेप घेऊन आल्या. भावजयने त्याला काखेत धरून उभं केलं. खोलीत कारकून नव्हता, वही नव्हती, पण ताईंच्या जिभेला वळण होतं. त्या मोठ्याने बोलल्या, "कंबर, एकतीस." मग, "डावा, चाळीस." मग खाली वाकल्या, आणि जिथे पाय संपत होता तिथे टेपाचं टोक बोटाने दाबून धरलं.

"उजवा," त्या म्हणाल्या. थांबल्या. "सव्वीस."

भाऊ वरून त्यांच्या डोक्याकडे पाहत होता. ताईंचा भांग पार पांढरा झाला होता.

"ताई," तो म्हणाला, "ह्यात घाल की चार."

भावजयने तोंड फिरवलं. ताई तशाच वाकून राहिल्या. मग टेबलाशी गेल्या, कापड सरळ केलं, खडू उचलला आणि सव्वीसवरच रेघ ओढली.